बाहेरचं बटण

"बटण आत दे," तात्या म्हणाले.

"आत देता येत नाही, तात्या."

"का?"

"ओला हात बटणाला लागतो म्हणून. जिथवर पाणी उडतं तिथवर बटण नाही. मागच्या वेळीही मी हेच सांगितलं होतं."

"मागच्या वेळी कुणाला सांगितलं होतंस?"

मी पिशवीतला टेप काढला आणि उगाचच दाराची उंची मोजली. मागच्या वेळी मी हे शैलाला सांगितलं होतं. शैला म्हणजे तात्यांची सून. या घराचं वायरिंग चालू होतं तेव्हा ती याच दारात उभी राहून म्हणाली होती, "ताई, हे बटण आत नाही का घेता येणार?" मी नाही म्हटलं. नियम सांगितला. नियम बरोबर होता.

शैला याच बाथरूममध्ये पडली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली. मी दाराची उंची मोजत होते तेव्हा त्याला आठ महिने झाले होते.

"मग असं कर," तात्या म्हणाले. "बटणच देऊ नकोस. एकदा लागला की लागला. कुणाला विझवता येणार नाही असा दिवा दे."

*

आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. पुढे त्याचा फायदा झाला. श्रीरामपुरात कुठेही बाथरूमचं काम निघालं की बायका म्हणायच्या, गायधनीबाईंना बोलवा. बाथरूम म्हणजे माझं राखीव कुरण.

माझी एक पद्धत होती. अजून आहे. दिवा लावून झाला की मी आत जाते, दार ओढून कडी घालते आणि बादलीशेजारी अंघोळीला बसल्यासारखी बसते. उभ्या माणसाला जो दिवा झकास वाटतो तो बसलेल्याच्या कामाचा असेलच असं नाही. आपलीच सावली कुठे पडते ते बसल्याशिवाय कळत नाही. साबण कुठे, पाय कुठे, मोरीचा कट्टा कुठे.

हे मी सगळीकडे करायचे. तात्यांच्या घरी केलं नव्हतं. त्या दिवशी काम संपलं आणि नेमकं लोडशेडिंग सुरू झालं. म्हटलं, राहू दे.

तेराव्याच्या जेवणाला हेमंत, शैलाचा नवरा, कुणाला तरी म्हणाला, "दिवाच असला, पायाखालचं दिसत नाही." माझ्याकडे बघून म्हणाला नव्हता. माझा घास हातातच राहिला.

त्यानंतर आठ महिने मी एकही बाथरूम घेतलं नाही.

नाही, हे पूर्ण खरं नाही. एक घेतलं होतं, टाकळीभानला. आत जाऊन दार लावलं, कडीला हात घातला आणि ती घालवेना. काम अर्धवट टाकून आले.

*

आणि मग तात्या दुकानात आले. बाळकृष्ण पोखरकर, साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर. भोंगा त्यांच्या घड्याळावर वाजायचा. उंची बेताची, पाठ ताठ. आल्या आल्या त्यांनी काउंटरवरचा दाखवायचा बल्ब बंद केला.

"हा उगाच कशाला जळतोय?"

"दुकान दिव्यांचं आहे, तात्या."

"दुकान दिव्यांचं आहे. वीज कुणाच्या बापाची?"

हे त्यांचं जुनंच. शैला सांगायची, आमचे तात्या पॅसेजमधून गेले की मागे अंधार होत जातो. सांगताना हसायची. सासऱ्यावर तिचा फार जीव होता, आणि त्यांचा तिच्यावर.

"गुरुवारी हेमंतचं लग्न आहे," ते म्हणाले. "राहुरीची मुलगी, पद्मजा. देवळात लावतोय, गाजावाजा नाही. संध्याकाळी घरी येईल. शुक्रवारी सकाळी अंघोळीला जाईल."

"हो."

"त्याच्या आत तेवढं बाथरूम करून दे. तिला काही होता कामा नये."

मी सीलबंद दिवे काढून दाखवले. वाफ आत शिरत नाही, काच फुटली तरी खाली पडत नाही. पांढरा, पिवळा. त्यांनी बघितलेच नाहीत. एवढंच विचारलं, "तू स्वतः येशील ना?"

मला नाही म्हणायचं होतं. पण एक गोष्ट मला जाणून घ्यायची होती, आणि ती त्याच घरात जाऊन, बादलीशेजारी बसूनच कळणार होती. जुना दिवा अजून तिथेच होता. मी लावलेला. तो काढण्याआधी.

*

मंगळवार. सकाळचे अकरा. हेमंत लग्नाच्या खरेदीला राहुरीला. घरात तात्या आणि मी.

त्या बाथरूमला खिडकी नाही. घराच्या मधोमध आहे. वरचा झरोका पॅसेजमध्येच उघडतो. दिवा नसेल तर भर दुपारी हात दिसत नाही. दाराबाहेर डाव्या हाताला बोर्ड. त्यावर तीन बटणं, एकाला एक लागून: पॅसेज, बाथरूम, गीझर. तिन्ही सारखी, पांढरी. मीच बसवलेली.

"तात्या, मी आत जाऊन दार लावून घेते. पाचेक मिनिटं. जुना दिवा बघायचा आहे."

"बघ."

"मी आत आहे."

"अगं हो, कळलं."

मी कडी घातली. या वेळी घातली गेली. कोपऱ्यात पितळेची बादली होती, तिच्यात तांब्या. आठ महिने कुणी वापरली नव्हती, तळाला हिरवट कड धरली होती. हेमंत वरच्या मजल्यावर भाडेकरूंकडे अंघोळीला जायचा, हे ठाऊक होतं. तात्या कुठे करायचे ते ठाऊक नव्हतं.

मी बसले. पाय पुढे घेतले. सावली माझ्या मागे भिंतीवर पडली. जमिनीवर नाही.

मोरीचा कट्टा चार इंच उंच. त्याची कड मला स्पष्ट दिसत होती. कडेवरचा उडालेला टवका दिसत होता. फरशीच्या सांध्यात अडकलेला साबणाचा चुरा दिसत होता. मी मान वळवून, वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. शैला माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती म्हणून अर्धवट उठून पाहिलं.

दिसत होतं. सगळं दिसत होतं. दिवा पुरेसा होता.

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मनात आलं, मग ती पडली कशी?

आणि दिवा गेला.

*

काहीच नाही. स्वतःचा गुडघाही नाही.

लाइट गेली असं वाटलं. मग दाराखालच्या फटीत पॅसेजच्या दिव्याची रेघ दिसली. लाइट गेली नव्हती.

बाहेर चपलांचा आवाज. दूर जाणारा. थांबलेला.

हाक मारायच्या आधी उठावं म्हटलं.

पुढे कट्टा आहे एवढं माहीत होतं. किती पुढे, ते माहीत नव्हतं. मी भिंत शोधायला हात लांबवला आणि तांब्याला लागला. तांब्या बादलीच्या काठावर आपटला. दोनदा.

टण. टण.

बाहेरून तात्या म्हणाले, "हो गं. ठोके पडू देत. लावतो."

अगदी सहज. रोज म्हणतात तसं. हसून.

कसले ठोके? घरात रेडिओ नव्हता लागलेला. टीव्हीही नाही.

मी श्वास धरून बसले. बाहेर तेही श्वास धरून उभे असावेत. किती वेळ, सांगता येणार नाही. मी तांब्या पुन्हा वाजवला की नाही, हेही आता सांगता येत नाही. कधी वाटतं वाजवला. कधी वाटतं, वाजला तो मी वाजवलेला नव्हता.

मग चपला धावत आल्या. दिवा लागला.

*

दार उघडलं तेव्हा तात्या बोर्डाला हात लावून उभे होते. बोट अजून बटणावर. दाबून धरलेलं, जणू सोडलं तर पुन्हा बंद होईल.

"तू आत होतीस," ते म्हणाले.

"मी सांगून गेले होते."

"सांगितलंस. मी हो म्हणालो. मग पाणी प्यायला निघालो आणि हात गेला."

"पॅसेजचं समजून?"

"मला काय माहीत. बोटाला माहीत."

ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. मीही समोर बसले. पॅसेज अरुंद, आमचे पाय एकमेकांना लागत होते.

"ठोके कसले, तात्या?"

त्यांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या.

"ती ओरडायची नाही," ते म्हणाले. "सासऱ्याला आतून हाक काय मारायची, म्हणून. मी जाता जाता दिवा घालवायचो, ती तांब्या वाजवायची. दोनदा. मी म्हणायचो, हो गं, लावतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हायचं. दोघांनाही गंमत वाटायची. जेवताना म्हणायची, तात्या, आज साबण डोळ्यात होता बरं का. आणि हसायची."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी सात वाजायला आले होते. रेडिओवर सातचे ठोके पडतात ना, बातम्यांच्या आधी. त्यावर मी भिंतीवरचं घड्याळ लावतो. तीस वर्षांची सवय. स्टुलावर चढलो होतो. काच उघडलेली, बोट काट्यावर. तेवढ्यात वाजलं, टण टण. म्हटलं, ठोके पडू देत, लावतो. अर्धं मिनिट होतं. अर्धंच."

मी पाय जवळ घेतले.

"परत वाजलं, टण टण. मी म्हटलं, अगं हो. ठोके पडायला लागले. सहा असतात. चौथ्याला आत धप्प झालं."

"तात्या."

"मी सहावा पडू दिला, सुनंदा." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काटा बरोबर लावला. मग उतरलो. मग दिवा लावला. आतून कडी. हेमंत दूध घेऊन आला, त्यानं दार फोडलं. तो आत गेला तेव्हा दिवा चालू होता."

म्हणून हेमंतला वाटलं, दिवा कमी पडला.

"त्याला माहीत नाही?"

"नाही."

"आठ महिने तुम्ही—"

"आठ महिने मी मागच्या अंगणातल्या नळावर अंघोळ करतो. पॅसेजमध्ये पाऊल टाकत नाही. स्वयंपाकघरात जायचं तर अंगणातून फिरून जातो. आज तू आलीस म्हणून आलो, आणि बघ." त्यांनी उजवा हात पालथा करून माझ्यापुढे धरला. दुसऱ्या कुणाचा दाखवावा तसा. "याचं काय करू सांग. शुक्रवारी ती पोरगी आत जाणार. ती तर मला ओळखतही नाही. तांब्या वाजवायचा हे तिला कोण सांगणार?"

*

आता मला वाटायला हवं होतं की मी सुटले. दिवा पुरेसा होता. माझी चूक नव्हती.

तीन बटणं, एकाला एक लागून, तिन्ही पांढरी.

ती म्हणाली होती, ताई, आत नाही का घेता येणार? तिनं कारण सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर ती हसून म्हणाली असती, आमचे तात्या. मग मी काहीतरी केलं असतं. बटण लांब घेतलं असतं. काहीही.

नियम बरोबर होता.

*

"उठा," मी म्हटलं. "भिंतीला टेकून उभे राहा."

"कशाला?"

"राहा तर खरं. आता हात वर करा. अजून. टाचा नाही उचलायच्या. बरं, आता उचला."

लहान मुलाची उंची मोजावी तशी मी त्यांच्या बोटांच्या टोकापाशी पेन्सिलीनं रेघ मारली. तिच्या वर आणखी चार बोटं सोडून दुसरी.

"पद्मजा किती उंच आहे?"

"हेमंतच्या कानाला लागते. का?"

"बटण इथे येईल. तुमचा हात पोचणार नाही."

ते त्या रेघेकडे मान वर करून बघत राहिले. "लाल दिवा लावू नकोस हं त्याच्यावर," म्हणाले. "चालू आहे हे दाखवणारा. लाल दिसलं की मी स्टूल घेईन."

"नाही लावत."

"आणि मला आत जायचं झालं तर?"

"तुमच्यासाठी दुसरा आहे."

तो दुसरा दिवा म्हणजे एवढासा, लिंबाएवढा. बारा व्होल्टचा. ओल्या हातानं धरला तरी काही होत नाही असा. ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी पॅसेजच्या माळ्यावर ठेवली, म्हणजे लोडशेडिंगमध्येही जळेल. कट्ट्याच्या समोर, गुडघ्याच्या उंचीवर बसवला, उजेड फक्त कडेवर पडेल असा. मोठा सीलबंद दिवा वर, दाराच्या बाजूला. विजेची गळती झाली की आपोआप पडणारं बटण मेन बोर्डात. जुना बोर्ड काढला, भोक सिमेंटनं बुजवलं.

छोट्याला बटण दिलं नाही. आत नाही, बाहेर नाही.

"रात्रंदिवस जळणार?" तात्यांनी विचारलं.

"रात्रंदिवस."

ज्या माणसानं माझ्या दुकानातला बल्ब विझवला होता तो म्हणाला, "बरं होईल."

निघताना ते फाटकापर्यंत आले. "हेमंतला सांगायचं का गं?"

"ते मी कसं सांगू, तात्या?"

"मी असेपर्यंत नको." फाटकाची कडी त्यांनी दोनदा लावली, दोनदा काढली. "नंतर तुला वाटलं तर."

मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. ती माझी गोष्ट नव्हती. त्या दिवसापासून झाली.

*

अकरा वर्षं.

तात्या मागच्या उन्हाळ्यात गेले. दिवाळीच्या आधी पद्मजाचा फोन आला. "गायधनीबाई, बाथरूमला नवीन फरशी घालतोय. तो खालचा छोटा दिवा काढून द्याल का? किती वर्षं नुसता जळतोय. बंदच होत नाही."

गेले. तिनं चहा दिला. मोकळ्या स्वभावाची बाई आहे.

"आणि ते बटण," ती म्हणाली. "एवढ्या वर कुणी लावतं का? रोज टाचा उंच करून करून माझ्या पोटऱ्या बघा कशा झाल्यात."

"मीच लावलंय."

"अगंबाई. मग काही बोलत नाही." ती हसली. "तात्यांच्या एकेक तऱ्हा होत्या. मी अंघोळीला गेले की पॅसेजमधून कधी जायचे नाहीत. पाऊस असो, चिखल असो, अंगणातून फिरून. मला वाटायचं, केवढा संकोच. आणि एकदा माझ्या हातून पाण्याचा मग बादलीवर आपटला, तर बाहेरून म्हणाले, लागलेला आहे ना गं? मी म्हटलं, काय? तर म्हणाले, काही नाही, काही नाही. मग अंगणात जाऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत."

हेमंत बाहेरच्या खोलीत फरशीवाल्याशी फोनवर बोलत होता. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यानं मान हलवली.

मी आत गेले. दार लावलं. कडी घातली. मोठा दिवा वर चालू, छोटा खाली. बादली आता प्लॅस्टिकची. बसले. अकरा वर्षांत छोट्याची काच थोडी पिवळी पडली होती, एवढंच. पिशवीतून पकड काढली. दोन वायरी, दोनदा कट केलं की संपलं. पकड उघडून पहिल्या वायरीशी नेली.

बाहेर पावलं आली. हेमंतचा आवाज, फोनवर, "नाही नाही, चार बाय चारचीच पाहिजे, घसरणारी नको."

खट्.

मोठा दिवा गेला.

पावलं पुढे गेली.

हेमंत उंच होता. मी रेघ मारली ती तात्यांच्या हाताच्या वर. त्याच्या हाताचा विचार केला नव्हता.

मी हलले नाही. हलायची गरज नव्हती, छोटा अजून जळत होता. समोर कट्ट्याची कड होती, तिच्यावरचा टवका होता, माझे पाय होते, हातात उघडी पकड होती. सगळं दिसत होतं. पकड मिटून पिशवीत टाकली.

बाहेर आले तेव्हा तो पॅसेजच्या टोकाला होता. वळून म्हणाला, "अरे, तुम्ही आत होता? माफ करा. हात आपोआप जातो. तात्यांची सवय."

"काढला का?" पद्मजानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही."

"का हो?"

मी हेमंतकडे पाहिलं. फोन त्याच्या कानाशी होता, पलीकडे कुणीतरी अजून फरशीबद्दल बोलत होतं.

"हेमंत, तो फोन ठेवा. तात्यांचा रेडिओ आहे का अजून?"

"आहे. माळ्यावर. का?"

"बसा. पद्मजा, तूही बस."

अर्ध्या मिनिटाची गोष्ट. सांगायला मला तासभर लागला. कपातल्या चहावर साय धरली.

सांगून झाल्यावर हेमंत उठला. मला वाटलं बाहेर जाईल. तो पॅसेजमध्ये गेला, हात वर केला, बाथरूमचा दिवा लावला आणि परत येऊन जागेवर बसला.

आत कुणी नव्हतं.

मी निघाले तेव्हाही तो चालू होता.